जेवणापुरतं

सात रस्त्यावर भर दुपारी एक पोलीस जगदेवीच्या पाया पडला, तेव्हा तिला आधी वाटलं की याची टोपी पडली असेल. त्याला टोपी उचलता यावी म्हणून तिनं पाय मागं घेतले. पण टोपी त्याच्या काखेत होती आणि डोकं तिच्या चपलेवर. शाळा सुटून ती बसची वाट बघत उभी होती, बोटांना खडू, पिशवीत अर्धा किलो गवार. टांगेवाला बघायला लागला, पानाच्या ठेल्यावरचे दोघं बोलायचे थांबले. वर्दीतला माणूस बाईमाणसाच्या पायावर असं सोलापुरात सहसा कुणी पाहिलेलं नाही, उलटं मात्र पुष्कळांनी पाहिलंय. आणीबाणीत तर रोज पाहिलंय. तो उठला. पन्नाशी ओलांडलेला, कपाळावरची विभूती घामानं फिसकटलेली. म्हणाला, “अक्का, मी निंगप्पा. तुमचे मालक गेल्यावर त्यांच्या गळ्यात लिंग बांधलं ते म्या.” असं म्हणून तो हात जोडून उभा राहिला, एखादं मोठं काम केलंय आणि आता त्याची पोच मिळावी अशा चेहऱ्यानं. जगदेवीनं मान हलवली. बरं केलंत, असंही पुटपुटली बहुतेक. मास्तरणीची सवय, कुणी काही केलं म्हणालं की बरं केलंस म्हणायचं. तेवढ्यात तिची बस आली, माणसं चढली, बस निघून गेली, आणि मग कुठं तिला ते ऐकू आलं. बांधलं? म्हणजे काय? लिंगायतांत लिंग बांधायचं ते पोर जन्मल्यावर, एकदा. त्यानंतर ते गळ्यातच असतं, अंघोळीला, झोपेत, दुखण्यात, आणि मेल्यावर मातीत बसवतात तेव्हा डाव्या तळहातावर. मध्ये ते कुणी बांधत नाही. बांधलं असेल तर आधी ते कुणी तरी सोडलेलं असलं पाहिजे.

तिनं त्याला विचारलं, कुणी सोडलं होतं? निंगप्पानं बघणाऱ्या लोकांकडं मान वळवली. तिथंच, रस्त्याच्या कडेला कुठल्याशा कचेरीची भिंत आणि लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीला ती गेली, तो मागोमाग. ती उभी राहिली, तोही उभाच. बसायचं कुणाला सुचलं नाही.

रुद्रप्पा जाऊन अडीच वर्षं झाली होती. शहात्तरच्या संक्रांतीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत गेला, गावभर नंदीध्वजांची गर्दी असताना. पत्रकं वाटली म्हणून उचललं, चौकीच्या कोठडीत ठेवलं, आठवडा भरायच्या आत पहाटे प्रेत दारात आणून दिलं. कारण लिहिलं होतं हृदयक्रिया. पण गावाला ठाऊक होतं, त्याच्या पक्षानं कानोकान पोचवलं होतं की रुद्रप्पा कोठडीत आमरण उपोषणाला बसला होता. पुढं सरकार बदललं, लोक मोकळेपणानं बोलायला लागले, तसा तो हुतात्मा झाला. जगदेवी हुतात्म्याची बायको झाली. तिला व्यासपीठावर बसवायला लागले, शालीवर शाल, नारळावर नारळ. आणि प्रत्येक नारळाबरोबर तिच्या आत काय काय उसळायचं ते कुणाला दिसणार? तिला नवऱ्याचा राग यायचा. साधासुधा नव्हे, अंगाचा तिळपापड व्हावा असा. हा माणूस, ज्याला जेवायला दहा मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायचा, सभेला जाताना खिशात शेंगदाणे कोंबून जायचा, तो उपाशी मरतो? आपण होऊन? घरी बायको आहे, तिला मूल नाही, बाळ नाही, सासर वैरागचं, ते तोंड फिरवून बसलेलं, आणि हा तिकडं ठरवतो की आपण मरायचं. मला न विचारता. देशासाठी म्हणे. देश काय रात्री माझ्या शेजारी येऊन झोपणार होता? रोज ती डबा न्यायची चौकीवर, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी आमटी. डबा जसाच्या तसा परत यायचा. हात लावलेला नाही. पहिल्या दिवशी ती रडली. पुढं पुढं चौकीच्या बाहेर उभी राहून तिनं त्या परत आलेल्या भाकऱ्या एकटीनं खाल्ल्या, कडाकडा मोडून, रागानं, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. त्याला खिडकीतून दिसावं अशी तिची इच्छा होती. त्या कोठडीला खिडकी होती की नाही, देव जाणे. तो राग अजून तिच्यात होता, मेलेल्या माणसावर इतका राग धरू नये हे कळत असूनही. त्यानं आपल्याला सोडलं, एवढीच गोष्ट तिला खरी वाटायची, बाकी सगळ्या शाली.

निंगप्पा बोलायला लागला. तो अक्कलकोटच्या अलीकडचा, मराठी बोलताना मध्येच कानडीत घसरायचा, पुन्हा वर यायचा. कोठडीत घालताना आत जाणाऱ्याच्या अंगावरची दोरी म्हणून ठेवायची नाही, पट्टा, करदोडा, जानवं, नाडी, काही काही. कुणी गळ्याला लावून घेतलं तर साहेब लोकांच्या नोकरीवर यायचं. फौजदार वरच्या जिल्ह्यातला, नवा. रुद्रप्पाच्या सदऱ्याच्या आत दोरा दिसला तसा म्हणाला, काढ ते. निंगप्पा पुढं झाला. तोही लिंगायतच, त्याच्याही सदऱ्याच्या आत तेच होतं. त्याला माहीत होतं आपण कशाला हात घालतोय. पण दिवस तसले होते, शिंकलं तरी कुणी वरती कळवायचं, आणि हा तुझ्या जातीचा म्हणून तू सूट दिलीस असं कुणी म्हणालं असतं तर? त्यानं मागची गाठ सोडली. रुद्रप्पा फक्त एवढंच म्हणाला की जमिनीवर ठेवू नका. निंगप्पानं ते टेबलाच्या खणात ठेवलं, आपल्या रुमालात गुंडाळून.

हे ऐकताना जगदेवीला रुद्रप्पाची पाठ दिसली. रोज सकाळी दिसायची ती पाठ. सभेत देवाधर्माची सालटी काढणारा हा बाबा घरी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचा, भिंतीकडं तोंड करून बसायचा, सदऱ्यातून चांदीची डबी काढायचा, तळहातावर लिंग घ्यायचा, विभूती, थेंबभर पाणी, झालं. मग म्हणायचा, वाढ. पक्षाच्या कुणी बघू नये म्हणून सदऱ्याची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. ती चिडवायची, भाषणात एक आणि घरात एक का हो? तर म्हणायचा, अगं देव नाही त्यात, सवय आहे. बापानं लहानपणी मारून मारून लावलेली. हे केल्याशिवाय तोंड उघडतच नाही माझं, मी काय करू? आणि ती हसायची. इतकं सगळं तिला ठाऊक होतं. आख्ख्या सोलापुरात तिला एकटीला ठाऊक होतं की रुद्रप्पा जेवत नाही म्हणजे काय झालेलं असू शकतं. तरी तिच्या डोक्यात आलं नाही, कारण लिंग अंगावेगळं होतं हेच तिच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. दुसऱ्या कुणा जातीच्या बाईनं कदाचित विचारलं असतं. तिनं नाही विचारलं. आणि पहाटे त्याला आणून टाकलं तेव्हा तिनं स्वतः सदरा उघडून विभूती लावली, डबी तिथंच छातीवर होती, तिच्या हाताला लागली. मग विचारायचं काय राहिलं होतं?

निंगप्पा सांगत होता, ते जेवायच्या वेळी मागायचे. पहिल्यांदा जोरात मागितलं, गजांशी येऊन. ते द्या, जेवणापुरतं द्या, जेवलो की परत घ्या. फौजदार हसला, मोर्च्यात देव नको आणि इथं पाहिजे होय रे? शेजारच्या कोठडीत पक्षाची माणसं होती. रुद्रप्पा जेवत नाही हे त्यांना कळलं आणि तिथून आवाज उठला, झिंदाबाद, उपोषण झिंदाबाद. निंगप्पा म्हणाला, त्यानंतर ते मोठ्यानं मागायचेच थांबले. रातपाळीला मी गस्त घालत गेलो की हळूच, कानडीतनं म्हणायचे, “ऊटक्कष्टे कोडप्पा.” जेवणापुरतं दे रे बाबा.

जगदेवीनं भिंतीला हात टेकला. भिंत तापलेली होती. तिला पुढचं ऐकायचं होतं आणि नव्हतंही. पुढचं असं की कोठडीत उपोषण चालू आहे हे वरती कळलं, आणि वरून निरोप आला की असले थेर चालायचे नाहीत, खाऊ घाला. संध्याकाळी चौघांनी त्याला धरलं. एकानं डोकं, दोघांनी हात, निंगप्पानं पाय. नाक दाबून दूध ओतलं. तो ओरडत होता, पण तोंडात दूध असताना माणूस काय ओरडणार. ठसका लागला, पुन्हा ओतलं, मग ठसका थांबला. “साहेब, ह्यो लिंगायत हाय, लिंग दिलं की जेवतोय, एवढं बोलायचं होतं अक्का मला,” निंगप्पा म्हणाला. “तोंडात आलं हुतं. न्हाय बोललो.” डॉक्टर यायच्या आधी त्यानं खण उघडला आणि रुद्रप्पाच्या गळ्यात लिंग परत बांधलं. तेवढं तरी केलं, असं तो पुन्हा म्हणाला. त्या पुण्यावर अडीच वर्षं काढली, पण आता झोप लागत नाही, पुढच्या साली नोकरी संपते, घरात लेकीचं लगीन काढलंय, अंगावर हे घेऊन मांडवात कसा उभा राहू? माफ करा अक्का.

त्या माणसाला खरंच कळत नव्हतं. “तुम्ही बांधलं नसतं,” ती म्हणाली, “तर मला त्याच दिवशी कळलं असतं.” निंगप्पानं ते ऐकलं आणि मान डोलवली, आणि त्याच्या तोंडावरून दिसलं की त्याच्या डोक्यात काही शिरलेलं नाही. त्याला ती स्तुतीच वाटली असावी. रुद्रप्पा नागव्या छातीनं घरी आला असता तर तिनं गल्ली गोळा केली असती, मठात जाऊन पदर पसरला असता, उपोषण उपोषण म्हणणाऱ्यांची तोंडं बंद केली असती. ह्यानं पुण्य केलं आणि खरं काय ते कायमचं गाडून टाकलं. हात उगारावा असं तिला वाटलं. पण त्याच वेळी, त्या तापलेल्या भिंतीशी, तिच्या मनात दुसरंच काही तरी जागं होत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. ते सुख होतं. दुसरा शब्द नाही त्याला. त्याला जेवायचं होतं! तो मरायला बसला नव्हता, त्यानं तिला सोडलं नव्हतं, तो डबा मागत होता, तिचा डबा. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिला नवऱ्यावर राग आला नाही. निंगप्पाला तिथंच सोडून ती रस्ता ओलांडून गेली.

गंगाधर वकिलांची कचेरी सात रस्त्यावरच, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शेजारच्या कोठडीत होते ते हेच. आता त्यांच्याकडं लोकांची रीघ असायची, नव्या राजवटीत वजन आलेलं. येत्या रविवारी चौकाला हुतात्मा रुद्रप्पांचं नाव देण्याचा कार्यक्रम होता, मंत्री येणार होते, तिनं दोन शब्द बोलायचे हे ठरलेलं. ती जिना चढून गेली ती दम न घेताच बोलायला लागली. वकिलांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही, वाईट माणूस नव्हता तो. मग त्यांनी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला आणि हळू आवाजात समजावायला लागले की जे झालं तो खूनच आहे, त्या फौजदाराला सोडायचं नाही, पण उपोषणाचं मात्र तसंच राहू द्यावं. “वहिनी, लिंगासाठी जेवला नाही म्हटलं तर देवभोळा म्हणतील हो त्याला. आपल्या माणसाचं एवढं मोठं नाव झालंय. उपोषण म्हटलं की देशाला समजतं.” तिनं विचारलं, तुम्हाला ऐकू येत होतं का? तो मागायचा ते? वकिलांनी चष्मा काढला, पुसला. पहिल्या दिवशी ऐकलं होतं म्हणाले, जेवणापुरतं द्या असं काहीसं. मला वाटलं चष्मा मागतोय. तोही काढून घेतला होता की त्याचा.

जेवायला चष्मा कशाला लागतो, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं. पण विचारून काय? या माणसाच्या घोषणेनंच रुद्रप्पाचं तोंड बंद झालं होतं. सगळे झिंदाबाद म्हणत असताना, मला माझं लिंग द्या, मला भूक लागलीय, असं कुणाला म्हणवेल? रुद्रप्पाला तर नाहीच नाही, भिडस्त मेला. ती जिना उतरली तेव्हा तिचं ठरलं होतं. रविवारी मंत्र्यांसमोर, माइक हातात आला की ती एकच वाक्य बोलणार, त्यांना जेवायचं होतं. मग काय व्हायचं ते होऊ दे. निंगप्पा खालीच उभा होता, टोपी अजून काखेत. तो तिच्याबरोबर साक्षीला येईल का, असं तिनं विचारलं, तर तो चटकन दोन पावलं मागं सरला. न्हाय अक्का, तेवढं सोडून काय बी सांगा. पेन्शन, लेक, तिचं होणारं सासर जेऊरचं, मोठी माणसं. त्याला माफी हवी होती, ती इथं, दोघांत, कुणाला न कळता. तिला हसू आलं, कडवट. बरं, ती म्हणाली, उद्या दुपारी घरी जेवायला या. त्याचा चेहरा उजळला. आपल्या माणसांत एखाद्याला घरी बोलावून जेवायला वाढलं म्हणजे मागचं मिटलं, हे त्याला कळत होतं.

रात्रभर तिच्या मनात तो विचार नव्हता. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आला. परातीत पीठ, हातावर भाकरी फिरतेय, आणि मनात ती कोठडीतल्या रुद्रप्पापुढं डबा उघडून बसलेली. भाकरी समोर आहे. भूक आहे, केवढी तरी. आणि तोंड उघडत नाही. कसं असेल ते? हात खरंच पुढं जात नसेल? तिला ते बघायचं होतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय रविवारी ती ते वाक्य कुणाच्या जोरावर बोलणार होती? वकील म्हणतील तो मनानंच जेवला नाही, एक प्रकारचं उपोषणच ते. नाही. माणसाच्या हातात नसतं ते, हे तिला कळायला हवं होतं. म्हणजे तिचा रुद्रप्पा तिला कायमचा परत मिळाला असता. तिनं गवारीची भाजी केली, चटणी काढली, वर दही. पाट मांडला.

निंगप्पा धुतलेल्या धोतरात आला, अंघोळ करून, कपाळभर विभूती. वर्दी नसली की तो अगदीच कुणाचा तरी काका दिसत होता. पाटावर बसला, ताटाला नमस्कार केला, आणि सदऱ्यात हात घालून त्यानं डबी काढली, पाणी द्या म्हणाला. जगदेवी त्याच्यासमोर बसली. “निंगप्पा, ते गळ्यातनं सोडा,” ती म्हणाली. “इथं माझ्याकडं द्या. आणि मग जेवा. जेवलात तर तुम्हाला माफ.” त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याच्या कपाळावर घाम आला, विभूती ओली झाली. आता हा उठेल, तिला वाटलं, नाही तर रडेल, पाया पडेल, हे सोडून काय बी सांगा म्हणेल. त्यानं डबी एकदा कपाळाला लावली. मग त्याचे दोन्ही हात मागं मानेशी गेले. घामानं गाठ आवळली होती, पण सुटली. तिनं पदर पुढं धरला, डबी पदरात आली, अजून अंगाची ऊब होती तिला. त्यानं भाकरी मोडली. पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबला, आणि जगदेवी पुढं वाकली, बघ, ती मनात म्हणाली, बघ बघ, होत नाही. निंगप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. चावला. अडकला, तसं पाणी प्यायला. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला भाजी घेतली. तो रडत होता, पण जेवत होता, आणि पाचव्या-सहाव्या घासाला तो दही कालवायला लागला, चटणीबरोबर, नीट, बोटांनी, जसं माणूस रोज कालवतो तसं. भाकरी संपली. तिनं दुसरी वाढली नाही, तरी त्यानं ताटात उरलेलं बोटानं निपटून घेतलं.

झालं की अक्का, तो म्हणाला. तिनं डबी त्याच्या हातावर ठेवली, पदर झटकला. माफ, ती म्हणाली, शब्द दिला होता म्हणून. त्यानं गाठ बांधली, वाकून नमस्कार केला, चपला घालून पायऱ्या उतरून गेला, येताना होता त्यापेक्षा बराच ताठ चालत. आता लेकीच्या मांडवात तो उभा राहील. जगदेवी ताट घेऊन मोरीशी गेली आणि तशीच बसून राहिली. रविवारी काय बोलायचं ते आता तिच्याजवळ नव्हतं. वकील उपोषण म्हणतील, ती नारळ घेईल. नवऱ्यावरचा तो जुना राग परत येऊन बसला होता, आपल्या जागी, जरासाही कमी न होता. “जेवला तो,” ती मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या घरात. “चिमटीएवढी भीती होती, ती गिळली आणि जेवला. मग तुम्हाला काय झालं होतं?”